किलपेकचं चर्च कसं बघावं: तोडे, दार आणि वळचणीखालची ती बाई

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्लंडमध्ये हेरेफर्डला आठवडाभर मुक्काम आहे, त्यातला एक दिवस एखादं मध्ययुगीन गावचर्च नीट बघायला ठेवलाय, आणि ज्याला विचारावं तो किलपेकचं नाव घेतो. तिथे काय बघायचं? अस्सल जुनं कुठलं आणि मागाहून बसवलेलं कुठलं, हे ओळखायचं कसं? आणि फोटोंत दिसणारी ती नग्न बाई चर्चच्या भिंतीवर आली कशी?

किलपेकच बघा. हेरेफर्डच्या नैर्ऋत्येला साधारण १४ किलोमीटरवर, वेल्सच्या हद्दीजवळ ते आहे. चर्च इतकं लहान की लोक वीस मिनिटांत फोटो काढून निघतात, पण तुम्ही निदान दोन तास हाताशी ठेवा. सोबत आठपट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण आणि चांगला टॉर्च घ्या. दुर्बीण नसेल तर छपराखालची अर्धी मंडळी तुम्हाला दिसणारच नाहीत.

पोचल्यावर लगेच दारापाशी जाऊ नका. आधी आवाराला एक फेरी मारा. आवार आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच आणि लंबगोल आहे. वेल्सच्या सीमाभागात अशी गोलसर, उंचावलेली आवारं बहुधा नॉर्मनपूर्व (नॉर्मन म्हणजे १०६६ मध्ये फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणारे), केल्टिक ख्रिस्ती काळातल्या पवित्र जागांची असतात. सहाव्या-सातव्या शतकात हा मुलूख अर्गिंग नावाच्या, ब्रिटन लोकांच्या राज्यात होता. चर्च आज सेंट मेरी आणि सेंट डेव्हिड अशा दोन नावांनी ओळखलं जातं. पैकी डेव्हिड हे मूळ नाव, आणि तो बहुधा इथलाच कुणी स्थानिक साधुपुरुष असावा. मेरीचं नाव किल्ल्यातल्या प्रार्थनामंदिराकडून मागाहून आलं. किल्ला म्हणजे चर्चच्या पश्चिमेचा मातीचा उंच ढिगारा, त्यावर दगडी कोटाचे थोडे तुकडे उभे आहेत. ईशान्येच्या कुरणात जमीन खालीवर दिसते, ती ओस पडलेल्या मध्ययुगीन वस्तीची खूण. किल्ला, चर्च आणि गाव या तिन्हींना एकाच सरदार घराण्याचा आधार होता. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमीनजुमल्याच्या नोंदवहीत, हे गाव ‘चिपीट’ म्हणून नोंदलंय आणि ते विल्यम फिट्झ नॉर्मन याच्या ताब्यात आहे. त्याच्याच घराण्यातल्या ह्यूने आजचं चर्च बांधवलं आणि ते ग्लॉस्टरच्या मठाला देऊन टाकलं. बांधकाम १२ व्या शतकाच्या दुसऱ्या पावात, ढोबळमानाने ११४० च्या सुमाराला. भिंतीवर तारीख कोरलेली नाही. दानाच्या नोंदी आणि कोरीवकामाची धाटणी यांवरून हा काळ ठरवतात.

१४ व्या शतकानंतर हा भाग गरीब झाला, आणि कोरीवकामाच्या पथ्यावर पडलं ते हेच. पैसा असलेल्या गावांनी १५ व्या शतकात जुनी नॉर्मन चर्चं पाडून उंच, मोठ्या खिडक्यांची नवी बांधली. किलपेककडे तेवढा पैसाच नव्हता.

आता आराखडा. पश्चिमेकडून पूर्वेकडे तीन खण: लोक उभे राहतात तो नेव्ह, पाद्री विधी करतो तो चान्सेल, आणि टोकाला अर्धगोल ॲप्स. मराठी माणसाला सभामंडप, अंतराळ, गर्भगृह अशी ओळ आठवेल आणि चालताना जाणवतंही तसंच, प्रत्येक खण आधीच्यापेक्षा लहान. ॲप्स गोल राहिलं हे नशीबच. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी १३ व्या शतकात ही गोल टोकं पाडून चौकोनी चान्सेल लांबवले.

बाहेरच्या भिंतीला छपराच्या कडेखाली दगडी तोडे आहेत, म्हणजे भिंतीत रोवलेले आणि तोंड बाहेर काढलेले दगड. मूळ काम वरच्या दगडी पट्टीचा भार घेण्याचं. पाथरवटांनी प्रत्येक तोंडाला वेगळा जीव दिला. आज ८५ तोडे शिल्लक आहेत. जी. आर. लुईस या चित्रकाराने १८४२ मध्ये छापलेल्या चित्रांत सहा जास्त दिसतात.

उजेडाचं गणित समजून घ्या, नाहीतर हात हलवत परत याल. हे ठिकाण ५२ अक्षांशावर आहे. जूनमध्ये दुपारी सूर्य ६१ अंशांवर असतो, तेव्हा वळचणीची सावली तोड्यांवरच पडते आणि फोटोत काळे गोळे येतात. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी जेमतेम १४-१५ अंशांवर असतो आणि वळचणीखाली थेट शिरतो. ॲप्स सकाळी बघा. दक्षिण बाजू सकाळी नऊ-दहाला किंवा दुपारी तीननंतर, ऊन तिरकं येतं तेव्हा. उत्तर बाजूला ऊन फक्त उन्हाळ्याच्या सहामाहीत येतं, तेही अगदी पहाटे आणि संध्याकाळी. ढगाळ दिवस असला तर दुर्बिणीला बरा, कॅमेऱ्याला नाही.

तोडे ओळीने बघत जा, मधले सोडू नका. शेजारी शेजारी बसलेले ससा आणि कुत्रा सगळ्यांना आवडतात, आजच्या व्यंगचित्रासारखे आहेत. तंतुवाद्य वाजवणारा आहे, माणसं तोंडात धरलेलं अस्वल आहे, आणि क्रूस वागवणारं देवाचं कोकरू आहे, जे पटकन बघितलं तर घोडं वाटतं. पवित्र आणि पाचकळ यांची अशी सरमिसळ इथे पदोपदी आहे. या ओळीत कुठला तरी गुप्त क्रम आहे असं सांगणारे पुष्कळ भेटतील. माझा त्यावर विश्वास नाही. तोडे जमिनीवर, ओट्यावर कोरून मग वर चढवलेले असतात. कोणता कुठे बसला हे बऱ्याचदा मापावर आणि गवंड्याच्या सोयीवर ठरतं. दुरुस्त्यांमध्ये ते हललेही असू शकतात.

ती बाई ॲप्सच्या वळणावर आहे. मोठं टकलं डोकं, वाटोळे डोळे, स्तन नाहीत, आणि दोन्ही हात पायांमागून पुढे आणून योनी फाकवून दाखवतेय. अशा आकृत्यांना ‘शीला-ना-गिग’ म्हणतात. आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये त्या बऱ्याच आहेत आणि हे नाव १९ व्या शतकात आयर्लंडमध्ये नोंदवलं गेलं, म्हणजे कोरणाऱ्याने तिला काय म्हटलं असेल हे या नावावरून काढता येत नाही. ती मागाहून कुणी चावटपणे घुसडलेली नाही. दगड, हत्याराचे घाव आणि चेहऱ्याची घडण शेजारच्या तोड्यांसारखीच आहे. अर्थ तीन तऱ्हांनी लावतात: कामवासनेपासून सावध करणारं चित्र, दृष्ट काढणारी राखणदार, किंवा सुफलतेची जुनी देवता. पहिले दोन एकत्र नांदू शकतात. तिसऱ्याला आधार सगळ्यात कमी. फ्रान्स-स्पेनच्या यात्रामार्गांवरच्या याच काळातल्या चर्चांवर अंगप्रदर्शन करणारे स्त्री-पुरुष, कसरती करणारे, पैशाची थैली गळ्यात अडकवलेले लोभी अशी पापांची मालिकाच असते. तिथून ही कल्पना उत्तरेला आली, हे मला पटतं.

आपल्याकडच्या कुणालाही इथे लज्जागौरी आठवेल, तेरला आणि बदामीला सापडलेली. साम्य फक्त बसण्याच्या ढबीत आहे. लज्जागौरीला मस्तकाच्या जागी कमळ असतं, पाय प्रसूतीच्या अवस्थेत असतात आणि ती पूजेची मूर्ती आहे. शीला वळचणीला आहे, कुरूप आहे, आणि तिच्या पूजेची जागाच नाही. दोघींचा ऐतिहासिक संबंध जोडणारा एकही दुवा नाही. व्हॉट्सॲपवर जोडलेला दिसला तर सोडून द्या.

लुईस यांनी १८४२ मध्ये याच तोड्याचं वर्णन केलं ते छाती चिरून काळीज उघडं दाखवणारा विदूषक असं. पाळकांना आणि बायकामुलांना विकायच्या पुस्तकात दुसरं काय लिहिणार? म्हणून १९ व्या शतकातली रेखाचित्रं हरवलेल्या तोड्यांच्या मोजदादीला वापरा, तपशिलाला वापरू नका.

आता दक्षिणेचं दार. इथे अर्धा तास द्या. दारावरच्या अर्धगोल पाटीत, म्हणजे टिम्पनममध्ये, द्राक्षवेलीसारखा जीवनवृक्ष आहे. तिच्याभोवती कमानीचे थर आहेत. कमानीच्या प्रत्येक दगडावर वेगळा प्राणी किंवा चोच खाली घातलेलं डोकं आहे, आणि नक्षी दगडाच्या सांध्याशी येऊन थांबते. हाच पुरावा, की दगड आधी कोरले आणि मग रचले. जागेवर कोरलं असतं तर नक्षी सांधे ओलांडून गेली असती. खांबांकडे या. बाहेरच्या खांबांवर एकमेकांची शेपूट गिळणारे सापासारखे जीव वरखाली जातात. डाव्या आतल्या खांबावर वेलीत गुंतलेले दोन योद्धे, अंगात सुरकुत्यांचे कपडे आणि चक्क सैलसर विजारी. उजवीकडच्या खांबाच्या डोक्यावर तोंडातून वेल ओकणारा चेहरा आहे. त्याला ‘ग्रीन मॅन’ म्हणतात, पण हे नाव अशा चेहऱ्यांना १९३९ मध्ये लेडी रॅग्लन यांनी दिलं. प्राचीन वनदेवतेची गोष्ट त्यामागोमाग आली. तोंडातून वेल काढणारी कीर्तिमुखं आपण लहानपणापासून बघतो. तिथेही प्रत्येकाची पोथी काढत बसत नाही.

टॉर्च इथे कामाला येतो. दगडाला जवळजवळ चिकटून, एका बाजूने प्रकाश टाका, दोन बोटांएवढा कोन ठेवा. समोरून टाकलात तर सगळं सपाट दिसेल. सपाट दगडांवर तिरके, रुंद, थोडे वेडेवाकडे घाव दिसले तर ते कुऱ्हाडीसारख्या हत्याराचे, नॉर्मन काळाला साजेसे. बारीक, समांतर, फणी ओढल्यासारख्या एकसारख्या रेषा आणि धारदार कोपरे दिसले तर तो दगड बहुधा दुरुस्तीत बसवलेला. या चर्चची मोठी दुरुस्ती १८६४, १८९८ आणि १९६२ मध्ये झाली आहे. आजचं छप्परही १२ व्या शतकातलं नाही. खिडक्यांसाठी ढोबळ नियम असा: लहान, गोल माथ्याची, आतल्या बाजूला फाकत गेलेली असेल तर नॉर्मन. टोकदार माथा किंवा दगडी जाळी असेल तर पुढच्या शतकांची. पण व्हिक्टोरियन, म्हणजे १९ व्या शतकातले, लोक नॉर्मन धाटणीची नक्कल उत्तम करत, म्हणून आकारावर न जाता घाव बघा. बोटं मात्र लावू नका, आणि कागद ठेवून छापही घेऊ नका. वाळूच्या दगडाचे कण घासण्याने सुटतात.

दगड आहे इथलाच, तांबूस ओल्ड रेड सँडस्टोन. सीमाभागात तो सगळीकडे मिळतो, पण प्रत सारखी नाही. किलपेकच्या पाथरवटांना घट्ट थर सापडला, म्हणून नऊशे वर्षांनी पापण्यासुद्धा शाबूत आहेत. त्याच पाथरवट परंपरेचं शॉब्डन बघितलं तर जीव हळहळतो. हे गाव हेरेफर्डशायरच्या उत्तरेला आहे. तिथलं चर्च सरदार ह्यू मॉर्टिमरचा कारभारी ऑलिव्हर दे मर्लिमाँ याने बांधवलं होतं. १७५० च्या दशकात ते पाडलं आणि कोरीव कमानी टेकडीवर उद्यानाची शोभा म्हणून उघड्यावर उभ्या केल्या. सहाशे वर्षं छपराखाली राहिलेलं काम अडीचशे वर्षांच्या पावसात आणि थंडीत धुऊन गेलं. दगडापेक्षा त्याच्यावरचं छप्पर महत्त्वाचं, एवढं शॉब्डनवरून कळतं.

हाच ऑलिव्हर स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या यात्रेला जाऊन आला होता, आणि किलपेकच्या आत त्या यात्रेचा पडसाद दिसतो. नेव्ह आणि चान्सेल यांच्यामधल्या कमानीवर दोन्ही बाजूंना एकावर एक असे तीन-तीन संत उभे आहेत. खांबाला असे माणसांचे थर लावायची रीत इंग्लंडची नाही, ती सांतियागोच्या दक्षिण दारावर आहे. उलट बाहेर पश्चिमेच्या भिंतीतून जबडा वासून पुढे आलेली ड्रॅगनची मुंडकी बघा. त्यांचे भाईबंद नॉर्वेच्या लाकडी चर्चांवर सापडतात. वळणं घेणारे प्राणी कोरायचा तो हात इंग्लंडमध्ये डॅनिश राजा कनूटच्या काळापासून, ११ व्या शतकात मुरलेला होता. स्पेन, स्कँडिनेव्हिया आणि स्थानिक परंपरा एकाच लहानशा भिंतीवर आल्या, म्हणून अभ्यासक या पाथरवट मंडळींना ‘हेरेफर्डशायर शाळा’, म्हणजे एकाच शैलीचे कारागीर, असं नाव देतात. ॲप्समध्ये गेलात की मान वर करा. छताच्या दगडी फासळ्यांच्या मध्यावर चार मुंडक्यांची गाठ आहे.

आतल्या उघड्या दगडाला मात्र फसू नका. मध्ययुगात अशा चर्चच्या भिंती चुन्याने गिलावा करून रंगवलेल्या असत आणि कोरीवकामावरही रंग चढवत. ते कसं दिसत असेल हे बघायचं तर त्याच दिवशी केम्पलीच्या सेंट मेरी चर्चला जा. ते ग्लॉस्टरशायरमध्ये आहे, आणि गाडी असेल तर दिवसात दोन्ही बसतात. तिथल्या चान्सेलच्या कमानी छतावर ११२० च्या दशकातली भित्तिचित्रं आहेत: इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त, सूर्य-चंद्र-तारे, आणि दोन्ही भिंतींवर सहा-सहा प्रेषित. ही खरी फ्रेस्को आहेत. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावला की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड होतो आणि रंगाचे कण त्यातच कोंडले जातात. म्हणून एका वेळी जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा. नेव्हमधली चित्रं मागाहूनची, वाळलेल्या गिलाव्यावर चिकट माध्यमाने काढलेली, त्यामुळे तीच जास्त झडली आहेत. १६ व्या शतकात, प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात सगळ्यांवर सफेदी फिरली आणि १८७२ मध्ये ती पुन्हा उजेडात आली. तेव्हा टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचं वार्निश चढवलं. हेतू चांगला आणि परिणाम वाईट: वार्निश काळवंडतं, भिंतीचा श्वास कोंडतं आणि आतली ओल त्याच्या पाठीमागून चित्राला ढकलते. १९५५ मध्ये ते काढावं लागलं. केम्पलीच्या नेव्हच्या छपराचं लाकूडही बघा. झाडाच्या वलयांवरून ते १२ व्या शतकाच्या पूर्वार्धातलं ठरलंय.

लाखेने केम्पलीत केलं तेच सिमेंट इतर चर्चांच्या बाहेर करतं. कुठल्याही चर्चपाशी गेलात की सांध्यांकडे बघा. करड्या रंगाचा, गुळगुळीत, दगडाच्या पुढे आलेला मसाला म्हणजे सिमेंट. त्याच्या शेजारच्या दगडाचे पापुद्रे सुटलेले आणि सांधा मात्र ताठ उभा असं दिसलं की समजायचं, ओल सांध्यातून बाहेर पडू शकली नाही म्हणून ती दगडातून निघाली. जाताना क्षार पृष्ठभागाजवळ सोडून गेली, आणि लोणा लागलेल्या विटेसारखा दगड सुटला. चांगल्या दुरुस्तीत सांधा दगडापेक्षा मऊ असतो, म्हणजे आधी तो झिजतो आणि पन्नास वर्षांनी पुन्हा भरता येतो. रीत अशी: जुना मसाला टाकीने काढायचा, ग्राइंडर लावायचा नाही. खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट-अडीचपट, निदान २५ मिलिमीटर. सांधा धुऊन ओला करायचा, पण पाणी साचू द्यायचं नाही. एक भाग हायड्रॉलिक, म्हणजे पाण्यातही आवळणारा, चुना आणि अडीच ते तीन भाग जाडबारीक मिसळलेली धारदार वाळू. वाळूला पाणी बेतानेच, मसाला मुठीत धरला तर आकार टिकला पाहिजे. तो दाबून थरांनी भरायचा. अंगठ्याने ठसा जेमतेम उमटेल इतका आवळला की ताठ ब्रशने ठोकून वरची साय काढायची, म्हणजे वाळू उघडी पडते आणि सांधा श्वास घेतो. मग ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर. तापमान ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर काम हातात घ्यायचंच नाही. इंग्लंडमध्ये म्हणून ऑक्टोबर ते मार्च सांधे भरत नाहीत. घाईने भरलेला सांधा पहिल्या गोठणाऱ्या रात्री भुग्यासारखा सुटतो.

आणि हे कुणी आपल्या मनाने करू शकत नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या वास्तूंना अशा कामासाठी धर्मप्रांताची ‘फॅकल्टी’ नावाची परवानगी लागते, आणि दर पाच वर्षांनी वास्तुविशारदाकडून तपासणी होते. त्या तपासणीचा अर्ध्याहून अधिक भाग पन्हाळी आणि गटारं यांच्यावर असतो असं म्हटलं तरी चालेल. पानगळ संपली की पन्हाळी साफ केली नाही, तर एका हिवाळ्यात पाणी तोड्यांवरून खाली येतं. भिंतीवर हिरवा उभा पट्टा दिसला की वर पन्हाळ तुंबली आहे, हे न चढताच कळतं. किलपेकलाही तोडे बघून झाल्यावर नजर एकदा तोड्यांच्या वर न्या.

वेळ उरला तर पश्चिमेला जवळच रोलस्टोनचं सेंट पीटर चर्च आहे, तिथल्या कमानीजवळ काही माणसं उलटी, डोकं खाली करून कोरली आहेत. पीटरला उलटं क्रुसावर चढवलं होतं, ती आठवण असावी. हात किलपेकच्याच मंडळींचा आहे, पक्षी बघितलेत की ओळखाल.